मामांच्या गाडीचे ॲव्हरेज

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला, पण रत्नागिरी तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात घडलेले ते प्रकरण मनातून जात नाही. खून, दरोडे, समुद्रातून होणारी तस्करी अशी वर्तमानपत्रात गाजणारी कामे माझ्या वाट्याला आली. हे त्यातले नव्हते. कागदोपत्री तो मोटार अपघाताचा एक गुन्हा होता, आणि असे गुन्हे मुंबई-गोवा महामार्ग ज्या ठाण्याच्या हद्दीतून जातो तिथे नेहमीच नोंदले जातात. तरीही कुणी विचारले की साहेब, लक्षात राहिलेला तपास कोणता, तर मला हाच आठवतो. यातली माणसे अजून त्याच गावात राहतात, म्हणून कुणाचेही नाव लिहीत नाही.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते, कलमांना मोहोर आला होता. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन आला. रस्त्याकडेच्या गटारात एक बाई जखमी अवस्थेत सापडली होती आणि तिला दाखल केले होते. वाहनाने उडवले असावे असा डॉक्टरांचा अंदाज होता.

बाई पन्नाशीची, कोळीवाड्यातली. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर ठेवून पाखाडीच्या पायऱ्या चढून वर रस्त्याला यायचे आणि मिळेल त्या टेम्पोने किंवा पहिल्या एसटीने रत्नागिरीच्या बाजारात जायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा रिवाज. घरी एक मुलगी, नुकतेच लग्न ठरलेली. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता, त्यालाही बरीच वर्षे झाली होती.

मी पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. डॉक्टरांनी बोलण्याइतकी स्थिती असल्याचे लिहून दिले आणि आम्ही जबाब घ्यायला बसलो. जबाब कसला, तीनचार शब्द होते.

"उतरला," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. "पाणी दिलान... गेला."

गाडी कसली होती, रंग कोणता, उतरलेला माणूस ओळखीचा होता का, हे मी पुन्हा पुन्हा विचारले. तिने डोळे मिटले ते उघडले नाहीत. दुपारच्या आत ती गेली.

ते शब्द डॉक्टरांना, मला आणि लिहून घेणाऱ्या हवालदाराला एवढ्यांनाच माहीत होते. मी दोघांनाही सांगितले की पाण्याची गोष्ट बाहेर जाता कामा नये. अशा तपासात एखादी बाब मुठीत ठेवावी लागते. खरा माणूस समोर आला की तीच बाब त्याची ओळख पटवते.

जागेचा पंचनामा केला. वळणावर टोपली उलटी पडली होती, बांगडे रस्त्यावर विखुरले होते आणि कावळे जमले होते. डांबरावर ब्रेकचा पुसट पट्टा होता. गवतात नारिंगी प्लास्टिकचे काही तुकडे मिळाले, ते इंडिकेटरच्या काचेचे होते. पिशवीत घालून, सील करून मुद्देमालात जमा केले. तेव्हाच्या भादंवि कलम ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवणे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलमांखाली अज्ञात चालकावर गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका टेम्पोवाल्याने हेडलाइट बदलून घेतला आहे, एवढेच बोलून फोन ठेवला. आम्ही निघेपर्यंत खबर गावातही पोहोचली होती. आम्ही गेलो तेव्हा टेम्पो अडवलेला होता, चालकाचा शर्ट फाटला होता आणि ओठातून रक्त येत होते. गर्दीतून त्याला बाहेर काढून गाडीत बसवताना माझ्या शिपायांनाही दोनचार धक्के बसले.

हा चालक चाळिशीचा, बंदरावरून बर्फ आणि मासळीची ने-आण करणारा. त्याचे म्हणणे असे की आदल्या आठवड्यात महामार्गावरच्या हातखंब्याच्या उतारावर गुरे आडवी आली, त्यात दिवा फुटला.

"साहेब, ती बाय रोज माझ्याच टेम्पोत बसायची," तो म्हणाला. "मी तिला मावशी म्हणायचो. त्या दिवशी बर्फ मिळायला उशीर झाला म्हणून मी मागे राहिलो. वेळेवर आलो असतो तर ती चढावर उभी राहिली असती, चालत पुढे गेलीच नसती. हेच डोक्यातून जात नाही. आणि लोक म्हणतायत मीच मारली."

पोलिसात राहून माणूस खरे बोलतो की खोटे हे चेहऱ्यावरून ओळखता येते, असे पुष्कळ जण सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. मी त्याच्या टेम्पोच्या इंडिकेटरची काच काढून तुकड्यांशेजारी ठेवली. काचेची गोलाई जुळत नव्हती. आमचे तुकडे लहान गाडीचे वाटत होते. पण माझ्या वाटण्याला किंमत नव्हती. आरटीओची तपासणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत टेम्पो ठाण्याच्या आवारात उभा करणे भाग होते. चालकाला मी अटक केली नाही, रोज हजेरी लावून सोडत होतो. त्यामुळे कोळीवाडा माझ्यावर चिडला आणि टेम्पो अडकवून ठेवल्यामुळे मोहल्लाही चिडला.

त्या दोन वस्त्यांचे एकमेकांशिवाय चालत नसे. एकाची होडी दुसरा ओढून द्यायचा, लग्नाची आमंत्रणे इकडून तिकडे जायची. ते सगळे थांबले. बंदरावर कोळीवाड्यातल्या बायका मोहल्ल्यातल्या टेम्पोत मासळी चढवीनात. एका संध्याकाळी दगडफेक होता होता राहिली. दोन्हीकडच्या जाणत्यांना मी ठाण्यात बोलावले, तर ते एकमेकांकडे न बघता दोन बाकांवर बसून राहिले. तपास लांबला तर गावात काय होईल याची मला काळजी लागली होती. माझे हवालदार रत्नागिरी शहरापासून हातखंब्यापर्यंत प्रत्येक गॅरेजमध्ये आणि स्पेअर पार्टच्या दुकानात इंडिकेटरची चौकशी करून आले. हाती काही लागले नाही.

अशाच एका दुपारी एक वयस्कर गृहस्थ ठाण्यात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ठाणे अंमलदाराला त्यांनी सांगितले की गाडीतून पेट्रोल चोरीला जाते आहे, त्याची तक्रार द्यायची आहे. आवारात टेम्पो उभा, बाहेर माणसे बसलेली, त्यात पेट्रोलची तक्रार. अंमलदाराने त्यांना अदखलपात्र म्हणून नोंद करून घेतो, असे सांगितले. गृहस्थ म्हणाले, "मला साहेबांनाच भेटायचं आहे. मी थांबतो." आणि ते थांबले. चहाची वेळ होऊन गेली तरी ते हलले नाहीत, तेव्हा मी त्यांना आत बोलावले.

ते त्याच गावचे होते. सगळा जन्म जहाजावर इंजिनरूममध्ये काढलेला, चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. धाकटी बहीण वारल्यावर तिचा मुलगा त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने वाढवला. तो आता पंचविशीच्या पुढचा होता आणि रत्नागिरीत एका कॅनिंग कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करत होता. घरात आणि गावात सगळेच या गृहस्थांना मामा म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

मामांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"माझी गाडी जुनी आहे. छोटी, पेट्रोलवरची," ते म्हणाले. "घेतल्यापासून मी तिचं ॲव्हरेज काढतो. जहाजावरची सवय, साहेब. तिथे इंजिन किती तेल खातं यावरून त्याची तब्येत कळते."

एक्सेलची शीट होती. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरायची, किती लिटर बसले ते लिहायचे, किलोमीटरचा आकडा लिहायचा. भागाकार शीट आपोआप करत होती. शेवटी शेऱ्याचा रकाना. 'घाट', 'एसी', 'चाकात हवा कमी' असले बारीक शेरे. वर्षानुवर्षे आकडा सतरा-अठराच्या आसपास होता. बाजूला आलेख काढला होता, त्याची रेघ खाडीच्या पाण्यासारखी संथ होती. अलीकडच्या काही महिन्यांत मात्र ती खाली घसरत गेली होती. पंधरा, तेरा, बारा.

त्या घसरणीसमोरचे शेरे मी वाचले. 'कार्बोरेटर साफ केला.' 'दुसऱ्या पंपावर भरले.' 'नवे प्लग.' 'ब्रेक चाकाला घासत नाहीत, तपासले.' 'पंप पुन्हा बदलला.' शेवटच्या दोन ओळींसमोर काहीच लिहिलेले नव्हते.

"टाकीच्या झाकणाचं कुलूप तुटलं होतं का?" मी विचारले.

"नाही."

"नळी कापलेली? खाली गळती?"

"नाही. सगळं बघितलं."

"मग चोरी कशावरून म्हणता?"

त्यांनी शीट पुन्हा वर सरकवली. मी पुढे विचारले, "गाडी चालवतं कोण?"

"मोतीबिंदूपासून मी चालवत नाही. भाचा चालवतो. बाजारात, बँकेत मला तोच नेतो. गाडी वर रस्त्यालगत शेडमध्ये असते. आमचं घर खाली, पाखाडी उतरून. रोज संध्याकाळी वर जाऊन मी किलोमीटरचा आकडा बघून येतो."

"म्हणजे तुम्हाला न सांगता गाडी कुणी नेली, तर आकडा वाढलेला दिसेल."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर तो टेम्पो उभा होता. म्हणाले, "मीटरची केबल गिअरबॉक्सकडून काढली, तर आकडा वाढत नाही. पेट्रोल मात्र जळतं."

मी हातातले पेन खाली ठेवले.

"केबल बघितलीत?"

"बघितली. तिच्या नटावर इतक्या वर्षांचं ग्रीस आणि धूळ बसलेली होती. ती पुसली गेली आहे. नट हाताने फिरतो."

"आणि गाडीची पुढची बाजू?"

त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायले नाहीत. नुसता धरून ठेवला. "बॉनेटला डाव्या बाजूला पोचा आहे. माडाखाली लावली होती, नारळ पडला, असं मला सांगितलं. डावा इंडिकेटर नवा आहे. उजवा उन्हाने पिवळा पडलाय." मग जरा वेळाने, "तुमचा हवालदार गावात इंडिकेटरची चौकशी करत होता, ते मला परवा कळलं. साहेब, तुम्ही स्वतः येऊन बघा. मी यापुढे बोलू शकत नाही."

पेट्रोलचोरीची तक्रार हे त्यांना उंबरठा ओलांडायला सापडलेले निमित्त होते. घरातून निघताना त्यांनी स्वतःलाही बहुधा तेच सांगितले असावे. मी तक्रार लिहून घ्यायला कुणाला सांगितले नाही. त्यांना चहा पाजला आणि पंच बोलवायला माणूस पाठवला.

गाडी ताब्यात घेतली. आरटीओच्या निरीक्षकाने पोचा पाहून सांगितले की मार समोरून बसला आहे, वरून पडलेल्या वस्तूचा हा नाही. नव्या काचेच्या खाली, इंडिकेटरच्या खोबणीत, जुन्या काचेचा एक तुकडा अडकून राहिला होता. तो आमच्या पिशवीतल्या तुकड्याला जिथे तुटला होता तिथे बरोबर बसला.

भाच्याला कारखान्यातून आणले. सडपातळ, चष्मा लावणारा, बोलायला नम्र. त्याच्याविरुद्ध कधी कसलीच नोंद नव्हती. मी त्याला कोठडीकडच्या खोलीत नेले नाही, माझ्याच खोलीत बसवले. आरडाओरडा करून माणूस बोलतो, हे खरे आहे. पण तो बहुतेक वेळा आपल्याला हवे ते बोलतो. मला काय घडले ते हवे होते.

"नारळ पडला," तो म्हणाला.

"कुठल्या माडाखाली?"

त्याने सांगितले. मी एका शिपायाला बघून यायला पाठवले, तेही त्याच्यासमोरच. मग केबलबद्दल विचारले. मामा आता वयाने संशयी झाले आहेत, असे तो म्हणाला. इंडिकेटर कुठे घेतला, यावर त्याने आठवत नाही असे उत्तर दिले. प्रत्येक उत्तर तयार होते आणि प्रत्येक उत्तरानंतर तो तळहात पँटला पुसत होता.

मग मी म्हणालो, "ती बाई लगेच गेली नाही. हॉस्पिटलमध्ये माझ्याशी बोलली."

त्याने झटकन मान वर केली. "काय बोलली?"

"ते तू सांग."

त्याचा चेहरा बघता बघता उतरला. मग तो म्हणाला, "मी पाणी दिलं तिला. साहेब, खरंच दिलं. तिने दोन घोट घेतले."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. त्यानंतर विचारायचे फारसे काही राहिले नव्हते. तो आपणच बोलत गेला.

त्याचे वडील जिवंत होते. लहानपणीच त्याच्या आईला आणि त्याला टाकून ते निघून गेले होते. आई त्या दुःखातच खंगून गेली, असे मामांचे म्हणणे होते आणि त्या माणसाचे नाव या घरात काढायचे नाही, असे त्यांनी बजावून ठेवले होते. वर्षभरापूर्वी भाच्याला कुणाकडून तरी कळले की वडील हातखंब्याला एका टायरच्या दुकानामागच्या खोलीत एकटे राहतात, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. तो बघायला गेला. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीत डायलिसिसला जावे लागे. पाळी सकाळी लवकरची. रिक्षाने जाताना एकदा ते वाटेतच चक्कर येऊन पडले होते. तेव्हापासून हा पहाटे उठून, केबल काढून, गाडी घेऊन हातखंब्याला जायचा, वडिलांना हॉस्पिटलात सोडायचा आणि मामा उठायच्या आत गाडी शेडमध्ये लावायचा. किलोमीटर लपले. पेट्रोलचे काय, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. थोडे थोडे तो स्वतः टाकत असे. पण टाकी काठोकाठ भरून मोजणाऱ्या माणसासमोर त्याचा अंदाज चुकत राहिला.

त्या पहाटे वळणावर धुके होते. टोपलीचा काळा आकार दिसला तेव्हा उशीर झाला होता. तो उतरला, तिला बाजूला बसवायला गेला, तर ती गटारात कलंडली. पाणी दिले. मग गाडीत बसून निघून गेला. वडील वाट बघत होते. परत येताना त्याच वळणावर त्याला गर्दी दिसली. बाई सापडली आहे, आता लोक तिला नेतील, एवढे बघून तो पुढे गेला. नंतर कामाला दांडी मारून एसटीने खेडला गेला आणि तिथल्या डेपोजवळच्या दुकानातून इंडिकेटरची काच घेऊन आला.

"टेम्पोवाल्याला मारलं, ते माहीत होतं तुला?" मी विचारले.

"हो."

"तरी गप्प राहिलास?"

"रोज ठरवायचो, आज मामांना सांगतो. घरी आलो की मामा शेडमधून आकडा बघून आलेले असायचे. त्यांचा चेहरा बघितला की राहून जायचं."

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे पुढचे काम बरेच होते. खेडच्या दुकानदाराने त्याला ओळखले. हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागातून वारांची खात्री झाली. प्रयोगशाळेने तुकड्यांचा अहवाल दिला. टेम्पो मी त्याच दिवशी सोडला. चालकाला घेऊन मी स्वतः बंदरावर गेलो आणि दोन्ही वस्त्यांतल्या लोकांसमोर सांगितले की या माणसाचा या गुन्ह्याशी संबंध नाही. ज्याने त्याचा शर्ट फाडला होता, तो पुढे झाला, बर्फाची लादी उचलून त्याने टेम्पोत ठेवली आणि मागे न बघता निघून गेला.

मामांचा जबाब मी त्यांच्या घरी जाऊन घेतला. ओसरीवर बसलो होतो. त्यांच्या पत्नी दाराआड उभ्या होत्या, त्यांचे हुंदके ऐकू येत होते. गाडीची माहिती, शीट, केबल, इंडिकेटर, सगळे त्यांनी क्रमाने सांगितले. सही करायच्या वेळी थांबले.

"अजून एक वाक्य घाला. तो मला भिऊन गाडी चोरून नेत होता."

"त्याची केससाठी गरज नाही, मामा."

"केससाठी नसेल. घडलंय ते तसंच घडलंय. लिहा."

हवालदाराने लिहिले. त्यांनी सही केली.

राहिली होती ती मयत बाईची मुलगी. तिला सगळे सांगणे माझे काम होते, आणि आता पाण्याची गोष्टही लपवायचे कारण उरले नव्हते. ती घराच्या पुढ्यात सुकत घातलेली मासळी गोळा करत होती. मी सांगत गेलो तशी ऐकत राहिली. भाच्याचे नाव ऐकून तिला आश्चर्य वाटले, शाळेत तो तिच्या पुढच्या वर्गात होता. वडिलांची हकीकतही मी सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. मग मला म्हणाली,

"सायेब, पाणी दिलान म्हणता. मग हाक का नाय मारलान? वळणाच्या खाली आमचीच घरं हायत. एक हाक मारली असती तरी आम्ही वर आलो असतो. त्याने पुढे जायचं होतं तर खुशाल गेला असता."

"इचारा त्याला," ती म्हणाली, आणि पुन्हा मासळी गोळा करू लागली.

डॉक्टरांनी मला नंतर सांगितले की बराच वेळ रक्त गेले, लवकर आणली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. तो शब्द मी मुलीला सांगितला नाही. पण तिचा प्रश्न मी भाच्याला विचारला. आरोपपत्र तयार झाले होते, तपासासाठी त्याच्या उत्तराची गरज नव्हती. तो न्यायालयाच्या आवारात बाकावर बसला होता, मी शेजारी बसलो आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"हाक तोंडात आली होती," तो म्हणाला. "मग वाटलं, लोक जमतील, गाडी ओळखतील, आणि मामांना कळेल मी कुणाकडे चाललोय ते."

पोलिसांचा विचार मनात आला नव्हता का, असे मी विचारले. त्याने मान हलवली. "नाही. तुमचं भय घरी पोचल्यावर वाटलं. त्या वेळी फक्त मामा."

न्यायालयात त्याने गुन्हा नाकारला नाही. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. मुलीचे लग्न ठरल्याप्रमाणे झाले. मामांनी आणि त्यांच्या पत्नीने तिच्या घरी जाऊन पाय धरायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्यांना धरू दिले नाहीत, एवढे मला कळले. आत काय बोलणे झाले ते मी कुणाला विचारले नाही.

भाचा तुरुंगात असताना दुसऱ्याच एका जखमीचा जबाब घ्यायला मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो होतो. डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर मामा बसलेले दिसले. हातात पाण्याची बाटली, मांडीवर घडी घातलेली शाल. मला वाटले, त्यांनाच काही झाले. विचारले, तर त्यांनी दाराकडे बोट दाखवले.

"तो आत आहे. पोराचा बाप. रिक्षा ठरवून मी त्याला घेऊन येतो."

"बोलता का तुम्ही एकमेकांशी?"

"नाही." त्यांनी शालीची घडी नीट केली. "माझ्या बहिणीचं मी विसरलेलो नाही. त्याच्याशी काय बोलणार? पण पोरगा तुरुंगातून पत्र पाठवतो, बाबांची पाळी चुकवू नका म्हणून. हे त्याने मला आधी सांगितलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. मग दोन दिवसांनी गाडीची किल्ली दिली असती. दिली असती, साहेब. त्याला ते माहीत नव्हतं."

गुन्हेगाराला कायद्याचा धाक असतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आणि मीही ते धरून चाललो. या प्रकरणाने माझी ती समजूत बदलली. सराईत माणसाचे वेगळे, पण साधी, पापभीरू माणसे आमच्यापर्यंत येतात ती पुष्कळदा घरातल्या कुणाला तरी भिऊन. नवरा काय म्हणेल, बापाला कळले तर, भाऊ बोलेनासा होईल. त्या भयापोटी एक लहान गोष्ट लपवली जाते, ती लपवायला दुसरी, आणि मग एखाद्या पहाटे हाक मारायची वेळ येते तेव्हा तोंड उघडत नाही. मामा वाईट नव्हते. भाचाही नव्हता. रस्त्यावर एक बाई मात्र गेली, आणि एका निरपराध माणसाने मार खाल्ला. पुढे तपासात जेव्हा जेव्हा एखादे विचित्र खोटे समोर आले, तेव्हा मी आधी विचारत असे, घरी कोण आहे?

माझी मुलगी त्या वर्षी गाडी चालवायला शिकत होती. माझाही आवाज घरात मोठाच असे. एका संध्याकाळी तिला समोर बसवून म्हटले, "कुठेही, काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला फोन कर. मी ओरडेन. पण ते नंतर." ती हसली, म्हणाली, "बाबा, असं का बोलता?" मी कारण सांगितले नाही.

काही वर्षांनी तिचा तसा एक फोन आला. काय झाले होते ते घरातले आहे, ते लिहीत नाही. तिचे पहिलेच वाक्य होते, "बाबा, ओरडायचं ते नंतर ओरडा." मी गाडीची किल्ली घेतली आणि निघालो.